वादळाच्या नकाशातली मधली रेघ पाहून काढणी ठरवू नका

चक्रीवादळांच्या हंगामात समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की मार्गाचा नकाशा मोबाईलवर फिरू लागतो आणि सगळ्यांची नजर मधल्या रेघेवर जाते. रेघ लांबून जातेय म्हणून कामे लांबणीवर टाकू नका.

वादळाला दिशा देतात ते मुख्यतः वरच्या थरांतले मोठे वारे. समुद्रावर नोंदी विरळ असल्याने त्या वाऱ्यांच्या मोजमापात थोडी चूक राहते आणि अंदाजात ती दिवसागणिक वाढत जाते. म्हणून सुरुवातीच्या स्थितीत किंचित बदल करून अंदाजाचे संगणकीय मॉडेल अनेकदा चालवतात. युरोपीय मध्यम-मुदत हवामान केंद्रात १९९२ पासून हे समूह पूर्वानुमान चालते. आज त्यात मॉडेल ५१ वेळा चालवतात आणि दर वेळी वादळाचा एक मार्ग मिळतो. मार्ग एकमेकांना चिकटून असतील तर अंदाजावर भरवसा जास्त, फाकले असतील तर कमी. सर्वांची सरासरी सहसा एकट्या अंदाजापेक्षा सरस ठरते. पण मार्गांचे दोन गट पडले, एक किनाऱ्याकडे आणि दुसरा खोल समुद्रात, तर सरासरी मधोमध पडते आणि तिथून कदाचित एकही मार्ग जात नसतो! अशा वेळी किनाऱ्याकडचा गट धरून चाला.

आपल्या कामाचा आकडा म्हणजे वादळाचे केंद्र शेताच्या जवळून, म्हणजे साधारण १२० किलोमीटरच्या आतून, जाण्याची टक्केवारी. समजा, तयार माल काढून झाकायला येणारा खर्च संभाव्य नुकसानीच्या दहाव्या हिश्शाइतका आहे आणि त्याने नुकसान टळते. मग शक्यता १० टक्क्यांच्या वर गेली की ते काम करावे, ५० टक्क्यांची वाट पाहू नये. कोवळे पीक काढणे महागात पडते. तिथे मात्र शक्यता बरीच वाढेपर्यंत थांबा.

चर मोकळे करणे, फवारणी आणि खत पुढे ढकलणे ही कामे चार-पाच दिवस आधीच उरका. पाणी देणेही थांबवा, कारण भिजलेल्या जमिनीत मुळांची पकड सैल होते आणि झाड लवकर उन्मळते. केळीला टेकू द्या. शेडनेटचे कापड शेवटच्या दोन दिवसांत उतरवले तरी चालेल, पण वारा वाढायच्या आत.

नकाशावर मधल्या रेघेभोवती दिसणारा शंकू फक्त केंद्राच्या संभाव्य मार्गाचा असतो. पाऊस आणि सोसाट्याचा वारा त्याच्या बाहेरही पोहोचतात, त्यामुळे शेत शंकूच्या बाहेर असले तरी चर मोकळेच ठेवा.