प्राण्यांच्या धर्मकथा वाचताना आत्मा आणि विवेक वेगळे कसे तपासावेत

प्राण्यांना आत्मा असतो का आणि त्यांना बरेवाईट कळते का, हे दोन प्रश्न सहसा एका दमात विचारले जातात. धर्मपरंपरेकडे उत्तर मागायचे असेल, तर आधी त्यांची फारकत करावी. जैन मतात प्रत्येक जीव स्वतंत्र आहे आणि वारकरी विचारात सर्वांभूती एकच आत्मा आहे, तरी प्राण्यांना आत्मा आहे यावर दोहोंचे एकमत आहे. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र प्रत्येक कथेतील प्राणी स्वतः काही ठरवतो की त्याच्या बाबतीत केवळ काही घडते, हे पाहावे लागते.

पैठणच्या रेड्याच्या मुखातून वेद उमटले, ते ज्ञानेश्वरांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवल्यामुळे. एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतले गंगाजल पाजले, तेथेही धर्माचरण नाथांचेच आहे. या कथा आत्म्याची एकता ठसवतात. प्राण्यांच्या नैतिक जाणिवेचा पुरावा म्हणून त्या वापरू नयेत.

आता ज्ञाताधर्मकथा या श्वेतांबर जैन आगमातील, म्हणजे धर्मग्रंथातील, मेरुप्रभ हत्तीची कथा सावकाश वाचावी. वणव्यापासून बचाव व्हावा म्हणून त्याने झाडेझुडपे उपटून मोकळी केलेली जागा प्राण्यांनी खच्चून भरली आहे. अंग खाजवण्यासाठी तो पाय उचलतो, तेवढ्यात त्या रिकाम्या जागेत एक ससा शिरतो. पाय टेकला तर ससा चिरडेल, हे जाणून हत्ती अडीच दिवस पाय अधांतरी धरतो, आणि वणवा विझून प्राणी पांगल्यावर ताठरलेल्या पायामुळे कोसळतो. येथे जवळ कोणी संत नाही. निर्णय हत्तीचाच आहे. पुढे तो श्रेणिक राजाचा पुत्र मेघकुमार म्हणून जन्मतो. दीक्षेच्या पहिल्याच रात्री, येणाऱ्याजाणाऱ्या साधूंच्या पायांचे धक्के लागल्याने व्रत सोडायला निघालेल्या या मेघमुनीला महावीर त्याचाच पूर्वजन्म ऐकवतात. माणसाला सहनशीलता शिकवण्यासाठी हत्तीचे आचरण पुढे ठेवले जाते, हा भाग कथा सांगताना कधीही गाळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्यानंतर तत्त्वार्थसूत्र या जैन तत्त्वग्रंथाचा दुसरा अध्याय पाहावा. कृमीला दोन, मुंगीला तीन, भ्रमराला चार इंद्रिये, आणि पंचेंद्रियांपैकी मन असलेले जीव ते संज्ञी, अशी तेथे वर्गवारी आहे. म्हणून मुंगी आणि हत्ती यांच्याविषयी एकच उत्तर देऊ नये. संज्ञी पंचेंद्रिय पशू 14 गुणस्थानांपैकी, म्हणजे आत्म्याच्या उन्नतीच्या पायऱ्यांपैकी, पाचव्या पायरीपर्यंत, म्हणजे अंशतः व्रत पाळण्यापर्यंत, चढू शकतो. साधूंची पूर्ण व्रते म्हणजे महाव्रते आणि मोक्ष यांसाठी मनुष्यजन्मच लागतो. ही मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडावी.

एवढे झाल्यावर हीच कसोटी चंडकौशिक या जैन कथेतील कोपिष्ट नागाच्या कथेला लावून पाहावी. तो शांत होतो महावीरांच्या उपदेशाने, परंतु पुढे मुंग्या अंग पोखरत असताना त्या चिरडू नयेत म्हणून निश्चल पडून राहण्याचा निश्चय त्याचा स्वतःचा असतो.