जास्वंदीवरील पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त
उष्ण हवेत जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले, तर ते बहुधा पिठ्या ढेकणाचे असतात. अंगावरच्या मेणचट आवरणामुळे फवारा त्यांच्यापर्यंत सहज पोहोचत नाही; म्हणून जास्त लागण झालेले शेंडे आधी छाटून नष्ट करावेत आणि उरलेले पुंजके पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावेत. त्यानंतर १ लिटर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल व थोडा सौम्य द्रव साबण मिसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या मागील बाजूसही फवारावे, कारण भर उन्हात पाने करपतात. आठवड्याने पुन्हा फवारावे. मुंग्यांकडे दुर्लक्ष करणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक होय: गोड, चिकट स्रावासाठी त्या या किडीचे भक्षक कीटकांपासून रक्षण करतात.