रोज सायंकाळी न थांबणारे रडणे: कोलिकवर आम्हाला लागू पडलेला क्रम

आमची मुलगी ३ आठवड्यांची झाली आणि रोज सायंकाळी मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, चेहरा लालबुंद होईपर्यंत ३-३ तास रडू लागली. पोटफुगीचे थेंब, पुन्हा पुन्हा दूध पाजणे, कुशी बदलणे, कशानेही फरक पडला नाही; त्या असहायतेत मीही अनेकदा रडले. ताप, हिरवी उलटी किंवा शौचात रक्त नाही आणि वजन नीट वाढते आहे, हे तपासून डॉक्टरांनी कोलिकचे, म्हणजे निरोगी बाळाच्या ठोस कारण न सापडणाऱ्या, तासन्तास चालणाऱ्या रडण्याचे, निदान केले.

लागू पडलेला क्रम असा: रडण्याच्या नेहमीच्या वेळेआधी अर्धा तास खोलीतला उजेड कमी केला, डोके उंच ठेवून दूध पाजले, मध्ये एकदा व शेवटी ढेकर काढली आणि २० मिनिटे खांद्यावर उभे धरले. त्यानंतरच तिला हातावर पालथे घेऊन, डोक्याला नीट आधार देत, संथ लयीत चालत राहिले. चौथ्या दिवशी रडणे तासाभरावर आले. झोपवताना मात्र नेहमी पाठीवरच निजवले.

अगदी असह्य झाले, तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून काही मिनिटे बाजूला व्हावे. त्याला गदागदा हलवणे जिवावर बेतू शकते. हे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात सर्वाधिक असते. आमच्याकडे ते साडेतीन महिन्यांनी पूर्ण थांबले.