नानांची पहाटेची गाडी (डिमेन्शियाच्या पेशंटकडे नव्यानं काम धरणाऱ्यांसाठी)

गेल्या महिन्यात ओळखीतल्या दोन मुली पेशंट सांभाळायच्या कामाला लागल्या, दोघींनाही पहिलाच पेशंट डिमेन्शियाचा, म्हणजे विसरण्याच्या आजाराचा मिळाला आणि फोनवर दोघींचा एकच प्रश्न, ताई, ते दर पाच मिनिटांनी किती वाजले विचारतात, काय करू? म्हणून जरा सविस्तर लिहितेय. तुम्ही पगारी कामाला नसाल, घरातल्याच माणसाचं करत असाल तरी हेच लागू पडतं. मी पण आधी सून म्हणूनच केलं, सासऱ्यांचं, 6 वर्षं, आणि मग हेच काम धरलं, 12 तासांच्या ड्युट्या.

सासरे म्हणजे आमचे नाना, एसटीत कंडक्टर, निम्मी नोकरी मुक्कामी गाडीवर. रात्री गाडी घेऊन गावात मुक्काम आणि पहाटे तीच गाडी परत डेपोला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाल्यावर त्यांचं सुरू झालं. रात्री 3 ला उठायचे, खाकी शर्ट शोधायचे, माझी पेटी कुठंय, वेबिल (तिकिटांच्या हिशोबाचा कागद) कुठंय, पंच (तिकिटाला भोक पाडायचा चिमटा) कुणी उचलला. आणि मी काय करायचे तर लाईट लावून घड्याळ दाखवायचे, नाना 3 वाजलेत, तुम्ही रिटायर झालात, झोपा. मला वाटायचं खरं सांगितलं की पटेल, आणि त्यांना वाटायचं ही बाई माझी गाडी चुकवतेय. एका रात्री असाच वाद झाला, मी चिडून आत जाऊन पडले आणि नाना कडी काढून निघून गेले. साडेपाचला स्टँडवर सापडले, फलाटावरच्या बाकड्यावर बसलेले, शर्ट उलटा, पायात एकच चप्पल. मला बघून म्हणाले, "ड्रायव्हर आला नाय अजून." त्या दिवसापासून मी त्यांना घड्याळ दाखवायचं सोडलं.

आधी एक समजून घ्या, हे नाटक नाही आणि हट्ट तर नाहीच. डॉक्टर विसरण्याची तपासणी करतात त्यात जी 30 मार्कांची नेहमीची टेस्ट असते, तिच्यातले 5 मार्क नुसते वेळेचे असतात, वर्ष कोणतं, ऋतू कोणता, महिना, तारीख, वार. नानांना त्यातलं एक आलं, पावसाळा, तेही खिडकीबाहेर बघून. पण पहिली एसटी 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला गेली हे त्याच खुर्चीत बसून डॉक्टरांना सांगितलं, बरोबर सांगितलं. नवीन काही आत टिकत नाही, जुनं बराच काळ राहतं, मग माणूस ज्या काळात आहे असं त्याला वाटतं त्या काळाची ड्युटी करायला उठतो. म्हणून नवीन घरी गेलात की पहिल्या दिवशी घरच्यांना औषधांबरोबर हेही विचारा की यांची नोकरी काय होती, उठायचे किती वाजता, पूजा करायचे का, चहा आंघोळीआधी की नंतर, संध्याकाळी कुणाची वाट बघायचे. शिक्षिका असलेल्या एक आजी होत्या माझ्याकडे, रोज अकराच्या सुमाराला कासावीस व्हायच्या, मला निघायचंय म्हणायच्या. घरच्यांना वाटायचं शुगर कमी होतेय. शाळा भरायची वेळ होती ती.

किती वाजले या प्रश्नाला आकडा सांगून उपयोग होत नाही, म्हणजे सांगा, पण पुढे काय आहे ते जोडून सांगा. "चार वाजलेत" पेक्षा "अजून वेळ आहे नाना, चहा घेऊ मग बघू" हे चालतं, कारण ते विचारत असतात माझं काही चुकलं तर नाही ना. डॉक्टरकडे जायचं असेल तर सकाळपासून सांगत बसू नका, दिवसभर दारात चप्पल घालून उभे राहतील, कपडे चढवताना सांगा. आणि गेलेल्या माणसाची चौकशी केली तर मी केली ती चूक करू नका. नानांनी आईचं विचारलं, मी म्हणाले त्या जाऊन 30 वर्षं झाली, तर आत्ताच बातमी कळल्यासारखे रडले. पुढच्या वेळी मी विचारलं, नाना, तुमची आई भाकरी कशी करायची हो, आणि ते अर्धा तास बोलत होते.

घड्याळ-कॅलेंडर लावायचं तर मोठ्या आकड्यांचं एकच, त्याच्याच शेजारी पाटीवर वार आणि सकाळ-दुपार लिहायची. बंद पडलेली घड्याळं, गेल्या वर्षीची कॅलेंडरं काढून टाका. वाचून समजतं तोवर याचा फायदा होतो, नंतर होत नाही, मग दिवस खुणांनी बांधायचा. सकाळी उठल्या उठल्या अंगणात किंवा गॅलरीत उजेडात अर्धा तास, हे मी सगळ्यात वर ठेवते, कारण झोपेचं आतलं घड्याळ मुख्यतः डोळ्यात जाणाऱ्या उजेडानं जुळतं आणि ही माणसं दिवसभर पडदे लावलेल्या खोलीत पडून असतात. दुपारची झोप थोडकीच. दिवेलागणीच्या आधीच सगळे लाईट लावा, अंधारून आल्यावर नाही, आणि पडदे ओढा, काचेत स्वतःलाच बघून कोण माणूस उभाय म्हणून घाबरतात. या वेळेलाच त्यांची घालमेल सगळ्यात जास्त असते, घरी असून घरी जायचंय म्हणतात.

नानांच्या संध्याकाळवर मला तोडगा सापडायला वर्ष गेलं. कंडक्टरची ड्युटी कधी संपते, तर हिशोब जमा केल्यावर. मग मी एक जुनी कातडी पिशवी, सुट्टे पैसे आणि रेघा मारलेली वही दिली. साडेसहाला बसायचे, रुपये-दोन रुपयांच्या चवडी लावायचे, वहीत काहीतरी लिहायचे, बोटाला थुंकी लावून पान उलटायचे. मग मी पिशवी घ्यायचे आणि म्हणायचे, "जमा झालं नाना, ड्युटी संपली." त्यावर ते शर्टाचं वरचं बटण काढायचे आणि जेवायला बसायचे. रोज नाही जमलं, पण बऱ्याचदा जमलं.

एक गोष्ट मात्र अजिबात अंगावर काढू नका. दोन दिवसांत एकदम गोंधळ वाढला, दिवसाची रात्र झाली, माणूस गुंगीत राहायला लागलं तर आजार वाढला म्हणून बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. लघवीचं इन्फेक्शन, पोट साफ नसणं, पाणी कमी पडणं, सर्दी-ॲलर्जीची एखादी नवीन गोळी, यातलं काहीही असू शकतं. आणि आपल्याकडे काही सुचेनासं झालं तर ज्येष्ठ नागरिकांची सरकारी हेल्पलाईन आहे, 14567, फोनला पैसे पडत नाहीत.

आणि वही ठेवा. रात्रपाळीची आणि दिवसपाळीची एकच, वेळ घालून. माझ्या वहीत असायचं, 3.10 उठले, पंच मागितला, लघवीला नेलं, पाणी दिलं, गाडी सहाची आहे म्हणाले, 3.40 झोपले. अशी तीन आठवड्यांची पानं डॉक्टरांपुढे ठेवली तेव्हा त्यांनी विसरण्याच्या आजाराची रात्रीची गोळी सकाळी करून दिली, आणि पुढच्या पंधरवड्यात 3.10 ची नोंद चारच वेळा झाली.