बंधाऱ्याची पाहणी गणपतीनंतर, मे महिन्यात नको

समुद्रकिनाऱ्यावरच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची डागडुजी करून घ्यायची असेल तर अनंत चतुर्दशी झाली की लगेच तयारीला लागा. पावसाळ्यात समुद्राने ओढून नेलेली वाळू हिवाळा-उन्हाळ्यात परत किनाऱ्याला लागते आणि उघडा पडलेला पायथा झाकून टाकते. मे महिन्यात बंधारा भक्कम दिसतो आणि जूनच्या पहिल्या उधाणात खचतो, तो यामुळेच.

पाहणीसाठी पौर्णिमा किंवा सर्वपित्री अमावस्येनंतरचे दोन-तीन दिवस धरा. पाऊणकीचा हिशेब (तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ) आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे: द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे पूर्ण सुकती (ओहोटी) सकाळी साडेसातच्या आसपास. पहार, टेप आणि ऑइलपेंटचा डबा सोबत घ्या. सगळ्यात खालचे दगड वाळूत किती गेलेत ते पहारीने चाचपा. पहार दगडाखाली सरळ आत जात असेल तर तिथली वाळू निघून गेली आहे. त्या दगडावर खूण करा, फोटोत टेप दिसू द्या. मग बंधाऱ्याच्या मागे जा. माडांच्या मुळाशी खड्डे पडले असतील, तर दगडांखालचं, माती अडवणारं जिओटेक्स्टाइलचं कापड फाटलं आहे आणि फटींतून माती समुद्रात चालली आहे. वरून कितीही दगड टाकले तरी हे थांबत नाही. तिथले दगड उचलून कापड आणि बारीक दगडांचा थर नव्याने घालावा लागतो, हे अंदाजपत्रकात लिहूनच घ्या.

दोन्ही टोकं विसरू नका. बंधारा संपतो तिथे लाट वळते आणि शेजाऱ्याची बाग खाते. देवबागसारख्या गावात, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मागे सरकायला जागाच नाही. टोक जमिनीत आत वळवून घ्या आणि पलीकडच्या घरांनाही पहिल्या बैठकीपासून बोलवा.

दगड काळाच हवा; जांभा हलका आणि सच्छिद्र. अर्धा मीटर लांबी-रुंदी-उंचीचा काळा दगड साधारण साडेतीनशे किलो भरतो, पण बाजू निम्मी केली की वजन एक-अष्टमांशावर येतं. आमच्या वाडीत एका ठेकेदाराने वर मोठे दगड रचले आणि आत चुरा भरला. एका पावसाळ्यात पोट फुटलं. तेव्हापासून काट्याची पावती डंपरागणिक घेतो आणि दोन माणसं उतरवून घ्यायला उभी असतात. हातोडा मारून बघा, चांगला दगड खणखणतो.

सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी आणि ग्रामसभेचा ठराव दिवाळीआधी मार्गी लावा, कागद फिरायला महिने जातात. गोण्या भरायला पुळणीतली (किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्यातली) वाळू काढू देऊ नका, ती पुळण हाच पहिला बंधारा आहे. मर्यादवेल आणि केतकी उपटू नका. होड्या ओढायची आणि रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची) वाट मच्छीमारांना विचारून नकाशावर आखा, नाहीतर पुढे तेच दगड हलवावे लागतात. कासवं अंडी घालायला साधारण नोव्हेंबर ते मार्च येतात, म्हणून डंपरचा रस्ता आधी कासवमित्रांना दाखवा आणि रात्री काम ठेवू नका.

मेअखेर थोडे मोठे दगड बंधाऱ्यामागे राखून ठेवा आणि पोकलेनवाल्याशी आधीच बोलून ठेवा. पावसात एखादा दगड निखळला तर पुढच्या सुकतीतच तो बसवायला हवा.