आधी मानशीचं दार बघा, बियाणं नंतर

गोव्यातल्या चोडण, दिवाडी, जुवें, कुंभारजुवें इथल्या खाजन (बांध घालून भरतीपासून राखलेली नदीकाठची सखल जमीन) शेतकऱ्यांनो, मे संपत आला, पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येईल आणि अजून कित्येक बांधांवर कोणी फिरकलेलं नाही. दरवर्षी हेच बघतो. बियाण्याची चौकशी एप्रिलपासून चालू, खताच्या गोणी घरात येऊन पडलेल्या, आणि मानशीच्या (बांधातल्या पाणी आत-बाहेर करणाऱ्या झडपेच्या) दाराची खालची फळी कुजलेली, तिकडे बघायला वेळ नाही.

मांडवीचं पाणी आत्ता वर्षातलं सगळ्यात खारं आहे. दोन-तीन आठवडे जोराचा पाऊस पडला, वरून पूर आला की नदी गोडी होते, मग थोडं पाणी आत आलं तरी निभावतं. पण आत्ता फळीत बोटभर फट असेल तर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन्ही वेळा मीठ आत येतं, आणि अवस-पुनवेच्या मोठ्या भरतीला तर बांधही तुटू शकतो. एकदा खाजन असं बुडालं की त्या वर्षीचं भात गेलंच, पुढच्या एक-दोन पिकांचीही खात्री नाही.

म्हणून येत्या अवसेला किंवा पुनवेला, भरती पूर्ण चढलेली असताना, बांधाच्या आतल्या बाजूने चालत जा. जिथे माती ओली दिसते, पाणी झिरपतं, तिथे काठी रोवून खूण करा. बहुतेक ठिकाणी कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळं सापडतील, काही ठिकाणी उंदरांची. ओहोटी लागली की बीळ शेवटपर्यंत खणून काढा आणि खाजनाचाच चिकट चिखल पेंढा घालून थराथराने तुडवत भरा. नुसतं तोंड बुजवून उपयोग नाही. डबर, मुरूम टाकून वरून सिमेंट मारणारे आहेत, पण कडेने पाणी वाट काढतंच. बांधाबाहेरची खारफुटी मात्र तोडू नका, बार्जच्या आणि पावसाळी लाटा तीच अडवते. शेताच्या आत तिचं रोप दिसलं तर लगेच उपटा, झाड मोठं झालं की परवानगीशिवाय हात लावता येत नाही आणि तुमचं शेत कायमचं पडीक.

मानशीचं दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटायला हवं आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडायला हवं. खाली दगड, प्लास्टिक अडकलंय का, बिजागरी झिजलीय का, हे हाताने चाचपून बघा. फळी बदलायची तर सगळ्यांनी वर्गणी काढा, टेनंट असोसिएशनची (खाजनातल्या कुळांच्या संघटनेची) मीटिंग होईपर्यंत थांबलात तर जून उजाडेल. मोठं भगदाड असेल तर कृषी खात्याच्या मृद संधारण विभागाकडे आजच लेखी अर्ज द्या, फोटोसकट.

आता दुकानदाराबद्दल. मीठ मारतं म्हणून जिप्सम आणि कसल्या कसल्या बाटल्या गळ्यात मारतात. जिप्सम हे चोपण, म्हणजे साडेआठच्या वर पीएच असलेल्या जमिनीचं औषध. आपली खाजन जमीन खारी असते आणि बहुतेक वेळा आंबट, तिथे त्याचा काय उपयोग? मीठ धुवायला पावसाचं पाणी लागतं, ते फुकट आहे. पहिल्या पावसाचं पाणी शेतात तुंबवा, ओहोटीला मानशीतून सोडून द्या, असं दोन-तीनदा करा. ईसी (मातीतल्या खारेपणाचं माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) ४ च्या खाली आला की पेरा असं म्हणतात, तपासून घेता आलं तर उत्तमच. नाहीतर शेतातलं पाणी जिभेवर ठेवा. खारट लागलं तर बी टाकायचं नाही, शेजाऱ्याने टाकलं तरी.

बाकी नेहमीचं:
- भाताची वाणं: खाऱ्या भागात कोरगुट, गोवा धान १ किंवा २. ज्योती, जया फक्त गोड्या भागात.
- बियाणं ३ टक्के मिठाच्या पाण्यात (१० लिटरला ३०० ग्रॅम), तरंगतं ते फेकणे, उरलेलं दोन-तीनदा धुणे.
- रोप २५ ते ३० दिवसांचं, चुडात (एका जागी) ३-४ रोपं.
- झिंक सल्फेट हेक्टरी २५ किलो.
- युरिया तीन हप्त्यांत.

आणि सप्टेंबर अखेरपासून परत सावध. पाऊस ओसरला की नदी पुन्हा खारी होत जाते, नेमकं तेव्हा भात फुलोऱ्यात किंवा दाणा भरायला आलेलं असतं आणि फुलोऱ्यात भाताला मीठ अजिबात सोसत नाही. मानशीतल्या मासेमारीचा हक्क लिलावात घेणारा मासळीसाठी रात्री भरतीला दार उघडून ठेवतो, असं कितीतरी ठिकाणी घडतं. सकाळी शेतात पाणी दिसतं, लोकांना वाटतं पावसाचं आहे, आठ दिवसांनी पानांची टोकं करपतात तेव्हा कळतं. लिलावाच्या करारातच लिहून घ्या की भात कापून होईपर्यंत भरतीचं पाणी आत घ्यायचं नाही, आणि मोठ्या भरतीच्या रात्री दोघांनी पाळीपाळीने मानशीवर जाऊन यायचं.