दोन रात्री छोट्या गावात: बेत कसा आखावा

गाव निवडण्याआधी वेळ मोजा, आणि तो घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत मोजा. वेळापत्रकात गाडी दोन तासांची दिसते. घरापासून स्टेशनपर्यंतचा पाऊण तास, गाडीआधीची वीस मिनिटं, उतरल्यावर पुढच्या बसची वाट आणि तो प्रवास, असं सगळं धरलं की चार तास सहज होतात. एका बाजूचा हा हिशोब तीन तासांत बसला तर दोन रात्री पुरतात. चारच्या वर गेला तर तिसरी रात्र जोडा, नाहीतर जवळचं गाव शोधा.

मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा. दोन दिवसांत तीन गावं उरकायचा मोह होतो, पण खोली सोडावी लागते सकाळी दहा-अकराला आणि पुढची मिळते दुपारी एक-दोनला. मधले तीन तास सामान खांद्यावर. बांधाबांध आणि प्रवास धरला तर एका बदलात अर्धा दिवस जातो. दोन दिवसांतला अर्धा दिवस फार मोठा आहे.

प्रसिद्ध गावातच राहायला हवं असं नाही. त्याच रेल्वेमार्गावर दहा-पंधरा किलोमीटर अलीकडचं गाव बहुधा शांत असतं, खोल्याही लवकर भरत नाहीत. एका दिवसासाठी येणारी गर्दी साधारण अकरा ते चार या वेळात असते. तुम्ही नऊच्या आत किंवा पाचनंतर जा. तीच जागा निवांत पाहायला मिळते.

खोली ठरवताना फोटोंपेक्षा नकाशावर जास्त विश्वास ठेवा. उपग्रहचित्रात पाहा: शेजारून महामार्ग किंवा रूळ जातात का, समोर समारंभाचं सभागृह आहे का. गाडी नसेल तर खोली बस थांब्यापासून दीड किलोमीटरच्या आत हवी, म्हणजे वीस मिनिटांत चालत पोचता येतं. गावाबाहेर सहा किलोमीटरवरची स्वस्त खोली रात्रीच्या येण्याजाण्यात महाग पडते, आणि काही वेळा वाहनच मिळत नाही.

मग फोन करा. संकेतस्थळावरची माहिती जुनी असू शकते. विचारायचं ते एवढंच: खोली किती वाजता मिळेल, गरम पाणी कोणत्या वेळात असतं, रात्रीचं जेवण किती वाजेपर्यंत, आणि त्या तारखांना गावात लग्न, उत्सव किंवा परीक्षा आहे का. शेवटचा प्रश्न टाळू नका. गावात मिळून वीस-तीसच खोल्या असतील तर एका समारंभाने सगळ्या भरतात.

छोट्या गावाचं घड्याळ वेगळं असतं. दुकानं दुपारी बंद होतात, स्वयंपाकघरं लवकर आवरतात, आठवड्यातून एक दिवस सगळंच बंद असू शकतं. संग्रहालयांचा हा दिवस अनेक ठिकाणी सोमवार असतो. आठवडी बाजाराच्या दिवशी गाव जिवंत असतं, म्हणून जमलं तर तो दिवस मध्ये घ्या. वेळापत्रक पाहताना आधी शेवटची बस शोधा, पहिली नंतर. सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी होतात, तेव्हा त्याच दिवसाचं वेळापत्रक बघा. पोचल्यावर थांब्यावरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा.

सामान एकाच पिशवीत, सात-आठ किलोंच्या आत. रोजची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या. बूट नवे नकोत. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा, कारण गावातलं एकुलतं एटीएम रिकामं असू शकतं. नकाशा घरूनच उतरवून घ्या. दहा हजार एमएएचची पॉवर बँक पाच हजार एमएएच बॅटरीचा फोन दोनदा भरेल असं वाटतं. व्होल्टेज बदलताना ऊर्जा वाया जाते, त्यामुळे प्रत्यक्षात साधारण दीड वेळाच भरतो.

दिवसाला एकच मोठा बेत ठेवा, आणि पाऊस आला तर काय करायचं ते आधीच ठरवा. पोचल्याची पहिली संध्याकाळ मोकळी सोडा. ठरवून न चालता नुसतं फिरलात की गाव कुठून कुठे आहे ते पायांना कळतं, दुसऱ्या दिवशी नकाशा काढावा लागत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी शहराबाहेर पडणं आणि रविवारी संध्याकाळी परत शिरणं, दोन्ही टाळा. शनिवारी पहाटे सहाच्या आत निघा. रजा एकच मिळत असेल तर ती सोमवारची घ्या आणि सकाळची गर्दी ओसरल्यावर शहरात या.